'लुटेरा' पुन्हा पाहिला. वरुणला माफ करायचं का? (शेवट उघड केला आहे, न पाहिलेल्यांनी जपून)

पारिजातक
परवा रात्री आईबरोबर 'लुटेरा' हा हिंदी चित्रपट पुन्हा पाहिला. २०१३ च्या जुलैत थिएटरात पाहिला तेव्हा मध्यंतरापर्यंत हरखून गेले होते आणि पुढे डलहौसीच्या बर्फात कंटाळले होते, एवढंच आठवत होतं. या वेळी नेमकं उलटं झालं. माणिकपूरचा भाग देखणा वाटला पण मनात उतरला नाही, आणि डलहौसीत मी ढसाढसा रडले. डोळे पुसून बघते तर आईच्या डोळ्यांत टिपूस नाही. म्हणाली, "बाप गेला तिचा त्याच्यापायी. देव चोरला, घर धुऊन नेलं. आणि एक पान बांधलं की झालं?"

त्यावरून जे सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटतानाही चालूच होतं. म्हणून हा धागा.

ज्यांना कथा आठवत नसेल त्यांच्यासाठी: १९५३ साल, बंगालमधलं माणिकपूर. जमीनदाराची एकुलती एक मुलगी पाखी (सोनाक्षी सिन्हा), लहानपणापासून दम्याने बेजार. पुरातत्त्व खात्याचा माणूस म्हणून वरुण (रणवीर सिंह) येतो, देवळाजवळ उत्खनन सुरू करतो, हवेलीत राहतो. पाखी जीव लावते. लग्न ठरतं, आणि ऐन त्या दिवशी वरुण नाहीसा होतो. देवळातली मूर्ती गेलेली, जुन्या चीजवस्तूंचे म्हणून मिळालेले पैसे खोटे. त्या धक्क्याने वडील जातात. पाखीला क्षय होतो, ती डलहौसीच्या घरात एकटी राहू लागते, आणि पोलिसांपासून पळणारा वरुण नेमका त्याच दाराशी येतो. खिडकीबाहेरच्या झाडाचं शेवटचं पान गळेल तेव्हा आपणही जाऊ, असं तिने मनाशी धरलंय. तो रंगवलेलं पान रात्री झाडावर चढून बांधतो आणि सकाळी पोलिसांच्या गोळीला सामोरा जातो.

माझं म्हणणं असं की वरुणला माफी मिळावी असं चित्रपट कुठेच म्हणत नाही. तो फक्त दाखवतो की ज्या मुलीचं सगळं लुटलं तिला परत देण्यासारखं या माणसाकडे एवढंच उरलं होतं. आईला हे अजिबात पटत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि मुळात चित्रपट आवडला का?

निळावंती
आवडला, फार आवडला. दिग्दर्शक विक्रमादित्य मोटवानेचा आधीचा 'उडान' पाहून मी याची वाट बघत होते. महेंद्र शेट्टींचा कॅमेरा हवेलीत असा फिरतो की धूळसुद्धा दिसते. पहिल्या भागातला तो सोनेरी उजेड आणि दुसऱ्या भागातला राखाडी निळा, दोन वेगळे ऋतू नव्हे, दोन वेगळी आयुष्यं वाटतात. सोनाक्षीला याआधी कुणी अशी भूमिकाच दिली नव्हती. ती मुलगी खोकते तेव्हा आपली छाती दुखते.

रांगडा_वाटसरू
मी विरुद्ध बाजूचा. थिएटरात पाहिला आणि अर्ध्याहून जास्त संवाद कळलेच नाहीत. दोघं एकमेकांच्या कानात बोलतात ते ठीक, पण तिकीट काढून बसलेल्या माणसालाही ऐकू यायला नको का? आमच्या गावच्या टॉकीजमध्ये मागून "आवाज!" अशा आरोळ्या चालू होत्या. रणवीर पहिल्या भागात इतका दबून बोलतो की त्याच्या मनात प्रेम आहे, भीती आहे की झोप आहे, काही लागत नाही. संथ चित्रपट मला चालतात. पण संथपणात काहीतरी साठत गेलं पाहिजे. इथे मला फक्त वेळ साठलेला दिसला. शेवट चांगला आहे हे मान्य. तिथवर पोचेपर्यंत मी थकलो होतो.

निळावंती
रांगडा_वाटसरू, आवाजाबद्दल तुमचं बरोबर आहे, मीही घरी सबटायटल लावूनच पाहिला. पण वरुण दबून बोलतो ते मला भूमिकेला धरून वाटलं. खोट्या नावाने दुसऱ्याच्या घरात राहणारा माणूस मोकळ्या गळ्याने कसा बोलेल? दुसऱ्या भागात त्याचं सोंग संपतं तेव्हाच तो ओरडतो.

पेणकर_सुहास
कलाकारी बाजूला ठेवून एक वेगळी गोष्ट मांडतो. जमीनदारबाबूंसाठी सगळे हळहळतात. बरुण चंदा यांनी ती भूमिका इतक्या मायेने केली आहे की हळहळ वाटणारच. मुलीला मांडीशी घेऊन ते भिल्ल राजाची गोष्ट सांगतात, ज्याचा जीव पोपटात होता, आणि तू माझा पोपट म्हणतात, तिथे माझाही घसा दाटला. मलाही दोन मुली आहेत.

पण आमचं घर कुळाचं, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचं. आजोबा खोताच्या, म्हणजे कोकणातल्या जमीनदाराच्या, जमिनीत राबले. खंड भरून घरात काय उरायचं ते आजीच्या तोंडून ऐकत मोठा झालो. आमच्या बाजूला अलिबागजवळच्या चरीत शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप करून १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचं विधेयक आणलं. कायदा झाला तो १९४९ ला. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्यापासून (इंग्रजांनी जमीनदारांचा सारा कायमचा ठरवून दिला तेव्हापासून) जी जमीनदारी चालत आली ती मोडायचा कायदा १९५३ चा, म्हणजे चित्रपटाच्याच सालातला. हे साल दिग्दर्शकाने उगाच निवडलेलं नाही.

तरीही कायदा इथे आभाळातून पडलेल्या संकटासारखा येतो. सरकारची माणसं हवेलीतली चीजवस्तू मोजतात आणि आपण मालकाच्या बाजूने व्याकूळ होतो. ज्यांच्या घामावर ती झुंबरं लटकली ती माणसं मला पडद्यावर बोलताना सापडली नाहीत. माझी आजी असती तर म्हणाली असती, त्याची हवेली गेली, आमची तर कधी नव्हतीच. पाखीसाठी मी रडलो. हवेलीसाठी नाही रडलो.

पारिजातक
सुहासदादा, हे मला सुचलंच नव्हतं. आईला वाचून दाखवलं. तिचं माहेर राजापूरकडचं, खोतांच्या शेजारचं. बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "त्यांचं खरं आहे. पण बाप तो बापच."

चाळणी_आणि_खुरपी
मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी होते, दोन हंगाम उत्खननावर काम केलंय. त्यामुळे हा चित्रपट पाहताना माझी फार ओढाताण होते.

आधी चुकतं ते सांगते. उत्खनन म्हणजे मोजून आखलेले चौकोनी खड्डे, बोटाबोटाने खाली जाणं, मातीचा रंग बदलला की थांबून नोंद करणं, प्रत्येक पाटी चाळणीतून काढणं, आणि संध्याकाळी खापरं धुऊन त्यांच्यावर क्रमांक घालत बसणं. पहाटेपासून उन्हात बसून दिवसाला वीतभर खोली होते. वरुण आणि त्याचा मित्र कामगार लावून जे करतात त्यात हे फारसं दिसत नाही. पण ते खरे पुरातत्त्ववाले नाहीतच, तेव्हा ती ढिलाई त्यांच्या खोटेपणात बसते असंही म्हणता येईल. खात्याचं पत्र दाखवलं की दार उघडतं, हे मला पूर्ण खरं वाटतं. १९५३ साली त्या खेड्यातून दिल्लीला खातरजमा करणार कोण? आणि कशी? सरकारी शिक्का बघून लोक आजही विश्वास ठेवतात.

आम्ही खणत होतो त्या गावात रोज संध्याकाळी म्हातारी माणसं खड्ड्याच्या काठावर येऊन बसायची आणि विचारायची, "सोनं लागलं का?" आम्ही खापरांचे तुकडे दाखवले की त्यांना वाईट वाटायचं, आमच्यासाठी! मग कुणीतरी ताक आणून द्यायचं. तो विश्वास आठवला की वरुणचा गुन्हा मला नोटांच्या फसवणुकीपेक्षा मोठा वाटतो. प्राचीन वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येऊ नयेत म्हणून १९४७ मध्येच कायदा झाला होता. पुढे १९७२ चा अधिक कडक कायदा आला. तरी मूर्ती जातच राहिल्या. देवळातली मूर्ती गेली की पूजा थांबते, जत्रा थांबते, नवसाला कुणाकडे जायचं ते कळत नाही. 'लुटेरा'त मूर्ती गेल्याचं दुःख फक्त हवेलीपुरतं राहतं. माणिकपूरच्या लोकांचं काय झालं? हा प्रश्न मला प्रेमकथेपेक्षा जास्त छळतो. म्हणजे सुहासदादांचं दुःख आणि माझं दुःख एकाच जागी येऊन मिळतंय.

घोंगडीवाला
+१. मूर्तीबद्दल पूर्ण सहमत.

सुमेधा_कोलकाता
मी नोकरीमुळे कोलकात्यात राहते. माणिकपूरची हवेली म्हणून जी दिसते तो हुगळी जिल्ह्यातला इटाचुना राजबाडी. तिथे आता पाहुण्यांना राहता येतं. आम्ही एक रात्र राहिलो. लांबलचक व्हरांडे, मधलं मोठं अंगण, संध्याकाळची आरती. चित्रपटात पाहिलेला कोपरा समोर आला की अंगावर काटा येतो.

पण सांगायचं आहे ते पुढेच. तो वाडा कुंडू घराण्याचा, १७६६ च्या सुमाराचा, आणि लोक त्याला बर्गी डांगा म्हणतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा घोडेस्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून दहा वर्षं बंगालवर चालून जात होत्या, भास्करराम कोल्हटकर त्यांचे सेनापती. त्यातले काही जण तिथेच स्थायिक झाले आणि हे घराणं त्यांच्या वंशातलं, असं तिथे सांगतात. बंगालीत बाळाला झोपवताना आजही 'बर्गी आले' म्हणून गातात. माझ्या शेजारच्या काकीमा नातवाला तीच अंगाई म्हणतात. पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा मी मान खाली घातली होती. आपण शाळेत अटकेपार झेंडे शिकलो, आणि इथे आपलं नाव लुटारू म्हणून तान्ह्या बाळाच्या कानात पडतं. 'लुटेरा' नावाचा चित्रपट त्याच वाड्यात उभा राहिला हे कळल्यावर मला तो निराळाच दिसू लागला.

पेणकर_सुहास
सुमेधाताई, ही माहिती नवीन आहे माझ्यासाठी. मनापासून आभार. यावर स्वतंत्र धागा काढाच.

जुनं_पुस्तक
मूळ कथेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ओ. हेन्रीची 'द लास्ट लीफ' शाळेत वाचली होती, काल पुन्हा काढून वाचली. न्यूयॉर्कमधला ग्रीनिच व्हिलेज, न्यूमोनियाने आजारी पडलेली तरुण चित्रकार मुलगी जॉन्सी, समोरच्या भिंतीवरच्या वेलीची पानं मोजत पडलेली. खालच्या मजल्यावर बेहरमन नावाचा साठी ओलांडलेला चित्रकार, ज्याने चाळीस वर्षांत एकही मोठं चित्र काढलेलं नाही. तो वादळी पावसाच्या रात्री भिंतीवर पान रंगवतो आणि त्याच थंडीने न्यूमोनिया होऊन जातो.

आता फरक बघा. बेहरमन त्या मुलीचं काहीही देणं लागत नाही. कुरकुरा, दारुडा शेजारी, पण त्याने तिचं काही बिघडवलेलं नाही. त्याचं पान निव्वळ देणगी आहे. मोटवानेने ते पान चोराच्या हातात दिलं आणि देणगीच्या जागी परतफेड आली. म्हणूनच पारिजातक यांच्या आईंना जो प्रश्न पडला तो कथा वाचताना कुणालाच पडत नाही, चित्रपट पाहताना पडतो. हे दिग्दर्शकाचं अपयश आहे असं काहींना वाटेल. मला ती त्याची सर्वात धाडसी गोष्ट वाटते. त्याने निरागस कथा घेतली आणि तिला हिशेब चिकटवला. तो हिशेब जुळत नाही, आणि जुळवायचा प्रयत्नही तो करत नाही.

अजून एक. वरुणला पान काढता येत नाही हे पहिल्याच भागात येतं. चित्रकला शिकवायला म्हणून बसतो आणि त्याचं सोंग उघडं पडतं. मग उलट पाखीच त्याला शिकवते. तरी हा मनुष्य चंद्रताल सरोवरापाशी जाऊन एक महान चित्र काढायची स्वप्नं बघतो. कथेतल्या बेहरमनचं न काढलेलं चित्र इथे इतक्या आधीपासून पेरून ठेवलंय.

रांगडा_वाटसरू
जुनं_पुस्तक, हा प्रतिसाद वाचून चित्रपट परत बघावासा वाटतोय. पण एक शंका. भिंतीवर रंगवलेलं पान वाऱ्यात हलत नाही, म्हणून कथेत उलगडा होतो. झाडाला बांधलेलं पान हिमवादळात टिकेल कसं?

जुनं_पुस्तक
टिकण्याचा तर्क मी सोडून दिला. तो चढताना धडपडतो, घसरतो, पुन्हा चढतो, त्यातच माझा जीव अडकला होता.

मिरजेची_नात
क्षयाबद्दल थोडं लिहू का? माझी आजी तरुणपणी मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये होती, साधारण याच काळात. व्हरांड्यात ओळीने खाटा, थंडीतही उघड्या खिडक्या, दूध, अंडी आणि सक्तीची विश्रांती. बाळाला सहा महिने लांबूनच बघितलं असं सांगायची. ते बाळ म्हणजे माझे बाबा.

चित्रपटात पाखी मरणाची वाट बघते तेव्हा काळाच्या दृष्टीने एक गोष्ट सलते. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आलं होतं, आयसोनियाझिड १९५२ ला. म्हणजे १९५३-५४ ला क्षय म्हणजे मरणच, असं राहिलं नव्हतं. औषध महाग होतं, महिनोन् महिने सुया टोचून घ्याव्या लागत, पण पैसेवाल्या घरच्या मुलीला ते मिळू शकलं असतं. पुढे १९५६ पासून मद्रासमध्ये जो अभ्यास झाला त्यात घरी राहून औषधं घेणारे रुग्णही सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात हे दिसलं, आणि हळूहळू ती सॅनेटोरियमं ओस पडली.

म्हणून मला वाटतं पाखी आजाराने मरत नाहीये, तिला जगायचं नाहीये. आजी सांगायची, तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई समोरच्या कडुलिंबावरचे कावळे मोजायची. आज इतके आले म्हणजे आज बरं वाटणार. डॉक्टर काही म्हणोत, ती कावळ्यांवर ठेवायची. ही मोजणी मी घरातच ऐकलेली असल्यामुळे पानांची गोष्ट मला एका क्षणासाठीही खोटी वाटली नाही. आजी बरी झाली, चौऱ्याऐंशी वर्षं जगली. शेजारची बाई नाही झाली बरी.

पारिजातक
ताई, काय लिहू. आजींना नमस्कार.

झुळूक
मी एकवीस वर्षांची आहे. यातलं 'सवार लूं' गाणं आधीपासून पाठ होतं, चित्रपट मात्र गेल्या महिन्यात पाहिला. विक्रांत मॅसीला वरुणचा मित्र म्हणून पाहून आश्चर्य वाटलं, किती कोवळा दिसतो!

मला वरुणचा राग आला आणि तो गेला नाही. तो तिच्या घरात येतो, तिला नको असताना राहतो, त्यांची झटापट होते, आणि तरी पार्श्वसंगीत मला सांगत राहतं की हे प्रेम आहे. पाखीची बाजू मात्र मला फार खरी वाटली. पोलिसांना ती त्याला देऊ शकली असती. देत नाही. तिथे ती त्याला माफ करते म्हणून नव्हे, तर तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर हवंय म्हणून, असं मला वाटतं. तू का केलंस? एवढं एकच. मैत्रिणींमध्ये यावरून दोन तट पडलेत.

निळावंती
झुळूक, अगदी बरोबर बोललीस. ते उत्तर तिला शब्दांत कधी मिळतच नाही.

सूरपारंब्या
संगीतावर दोन ओळी, नाहीतर धागा अपुरा राहील. अमित त्रिवेदीने जुन्या काळाची नक्कल न करता त्या काळाचा वास आणलाय. 'सवार लूं'मध्ये मोनाली ठाकूरचा आवाज पन्नासच्या दशकातल्या हिंदी गाण्यांची आठवण करून देतो. 'मोंटा रे'मध्ये बाऊल (बंगालचे फिरते लोकगायक) ढंग आहे आणि ते गायलंय आपल्या इंदूरच्या स्वानंद किरकिरेंनी, अमिताभ भट्टाचार्यसोबत. 'शिकायतें'मधला मोहन कन्नन पुण्यात जमलेल्या 'अग्नी' बँडचा. मला सर्वात जवळचं 'अनकही'. अमिताभ भट्टाचार्यने ते लिहिलंही आणि गायलंही. एकच तक्रार, वाद्यमेळ काही प्रसंगांत नको तितका भरून येतो. झुळूकने म्हटलंय त्यात तथ्य आहे. त्या झटापटीला शांतता चालली असती.

रांगडा_वाटसरू
काल रात्री परत पाहिला, सबटायटल लावून. प्रामाणिकपणे सांगतो, माणिकपूरच्या भागाबद्दल मी चुकलो होतो. संवाद कळल्यावर तो भाग संथ वाटत नाही. जमीनदारबाबू चीजवस्तू विकताना एकेका वस्तूवर हात ठेवतात, ते थिएटरात माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डलहौसीचा भाग मात्र आजही मला ताणलेला वाटतो. पंधरा मिनिटं तरी कमी व्हायला हवी होती. आणि आदिल हुसेनच्या पोलिसाला आणखी काम हवं होतं. गुन्हेगारी चित्रपट म्हणावा तर पाठलाग फार थोडा आहे.

पेणकर_सुहास
मला वाटतं शेवटी जो प्रश्न उरतो तो असा: पाखीला कळलं का, की ते पान रंगवलेलं आहे? ती खिडकीतून बघते आणि हसते. ती पान टिकलं म्हणून हसली, की ओळखून हसली? आमच्या घरी यावर एकमत नाही.

चाळणी_आणि_खुरपी
ओळखून. तिनेच त्याला पान काढायला शिकवलंय. शिकवणाऱ्याला आपल्या विद्यार्थ्याची रेघ कळते. मी आजही आमच्या गटातल्या कुणी कुठलं खापर चितारलंय ते रेघेवरून सांगू शकेन.

पारिजातक
हे वाचून आईला परत टीव्हीसमोर बसवलं, फक्त शेवटची दहा मिनिटं. तिने चष्मा पुसला, नीट बघितलं. "ओळखलं तिनं," म्हणाली. मग म्हणाली, "म्हणून काही तो सुटला नाही. पण तिला निदान कळलं तरी, की तो आला होता." आणि भाजी निवडायला उठून गेली.

रविवारी मावशी येणार आहे, तिने पाहिलेला नाही. तिलाही दाखवणार आहे, या वेळी पहिल्यापासून सबटायटल लावून. सुमेधाताई, बर्गींच्या धाग्याची वाट बघतेय.